एचेव्हेरियाचा जांभळा रंग बागेत टिकवायचा कसा?

नवी आणलेली गुलाबी-जांभळी एचेव्हेरिया (गुलाबाच्या आकाराचं, जाड गरदार पानांचं शोभेचं रोप) थोड्याच दिवसांत हिरवट-करडी पडते आणि मग खताची बाटली बाहेर निघते. खत राहू द्या. हा रंग अँथोसायनिन या पानातल्या रंगद्रव्याचा. भरपूर ऊन, गार रात्री आणि थोडी तहान मिळाली की झाड तो स्वतःच धरतं. सुरुवातीला ‘पर्ल फॉन न्यूर्नबर्ग’ घ्या. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला हा संकर तसा सोशिक आहे.

आधी जागा बघा. रोज ५-६ तास ऊन हवं, पण सावलीतलं रोप एकदम उन्हात नेऊ नका. पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत. आठ-दहा दिवस सकाळचं कोवळं ऊन द्या, मग वेळ वाढवा.

मातीत निम्मी भरड वाळू, परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा बारीक खडी मिसळा. सपाट वाफ्यापेक्षा वीतभर उंचवटा बरा, पाणी साचत नाही. रोप किंचित तिरकं लावा, म्हणजे पावसाचं पाणी मधोमध थांबणार नाही.

लावताना रोप मुळाकडच्या मातीला धरून उचला. पानावर बोट टेकलं की ठसा उमटतो, कारण वरची पांढरी भुकटी हे मेणाचं कवच असतं. एकदा पुसलं की त्या पानावर ते पुन्हा नीट धरत नाही.

रोप लावल्यावर आठवडाभराने पाणी बुंध्याशी, भरपूर द्या. मग माती पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबा. खालची पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं आहे. तीच पानं पिवळट, पारदर्शक होऊन हात लावताच गळत असतील, तर पाणी जास्त झालंय. ओळखायला हे एवढं पुरतं. तळाची सुकलेली पानं काढत चला, त्यांच्या आडोशाला पिठ्या ढेकूण लपतो. दिसला तर कापसाने स्पिरिट लावा.

दांडा लांबून रोप उघडंबोडकं दिसू लागलं तर शेंडा बोटभर दांड्यासह छाटून टाका. वाईट वाटतं, पण कापा. कापलेला शेंडा ४-५ दिवस सावलीत सुकवून कोरडसर मातीत खोचा. जुना बुंधा उपटू नका, त्यालाही बगलेतून पिल्लं फुटतात. बियांतून मात्र आईसारखंच रोप येईल याचा भरवसा नाही. आणि हो, पारा शून्याकडे जाऊ लागला की रोप कुंडीत काढून आत घ्या.