मराठवाड्यातून मॉडेलिंगकडे: सुरुवात कशी करावी आणि एजन्सी कशी निवडावी

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर इथून मॉडेलिंगमध्ये येऊ पाहणाऱ्या अनेक मुलामुलींचे पहिले पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. एखाद्या हॉटेलात ग्रूमिंगचे, म्हणजे चालणे-बोलणे आणि राहणीमान शिकवणारे शिबिर भरते, शेवटी स्पर्धा होते, खांद्यावर सॅश येते आणि महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या फोटोंचा संच, घरी येतो. काम मात्र येत नाही. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे असे जाताना पाहून वाईट वाटते, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे: मॉडेल्सना काम मिळवून देणाऱ्या एजन्सीकडे पहिला अर्ज करताना पोर्टफोलिओची गरज नसते. लागतात ते साधे फोटो, ज्यांना या व्यवसायात पोलरॉइड किंवा डिजिटल्स म्हणतात, आणि ते घरीच मोबाइलवर काढता येतात.

हे फोटो मात्र मन लावून काढावेत. सकाळच्या वेळी गच्चीवर किंवा अंगणात, सावलीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहावे. आपल्याकडचे दुपारचे ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडते, त्यामुळे ती वेळ टाळावी. कपडे अंगाबरोबर बसणारे आणि एकरंगी असावेत, मेकअप व दागिने नसावेत, आणि मुलींनी काही फोटो केस मोकळे सोडून व काही मागे घट्ट बांधून काढावेत. पूर्ण उंचीच्या फोटोसाठी मोबाइल कंबरेच्या उंचीवर सरळ धरावा आणि फोटो काढणाऱ्याने चांगले लांब उभे राहावे, कारण अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात. चेहरा समोरून व दोन्ही बाजूंनी, कंबरेपर्यंतचा एक आणि डोक्यापासून पायापर्यंतचे दोन-तीन एवढे फोटो पुरेसे आहेत. ब्यूटी मोड बंद ठेवावा आणि रंग उजळ करणारे फिल्टर तर मुळीच वापरू नये. सावळ्या रंगाने काम अडत नाही, खोट्या फोटोने अडते. फोटोंसोबत उंची, छाती, कंबर, नितंब आणि बुटाचा नंबर लिहावा. उंची अनवाणी उभे राहून मोजावी, कारण वाढवून लिहिलेला इंच ऑडिशनच्या दिवशी उघडा पडतो.

रॅम्पसाठी, म्हणजे फॅशन शोमध्ये चालण्यासाठी, मुलींची उंची साधारण 5 फूट 8 इंच आणि मुलांची 6 फूट अपेक्षित असते. त्याहून कमी उंची असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जाहिराती, कॅटलॉग आणि ऑनलाइन विक्रीचे फोटो यांत चेहऱ्याला व सहजतेला अधिक महत्त्व असते. असे काम आपल्याही भागात मिळते. पैठणी आणि हिमरूचे विक्रेते व सराफ यांना लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी फोटो लागतात. पैठणीच्या शूटमध्ये दिवसभर एकामागून एक साड्या बदलाव्या लागतात, जरीचा जड पदर हातावर असा तोलून धरावा लागतो की त्यावरचे मोर सरळ दिसावेत, आणि हाताला कळ लागली तरी ती चेहऱ्यावर उमटू द्यायची नसते. हे ज्याला जमते त्याचे खरे शिक्षण तिथेच होते. मानधनाबरोबर काही निवडक फोटो मागून घ्यावेत, तसेच ते फोटो दुकानदार कुठे आणि किती काळ वापरणार हे लिहून घ्यावे.

आता एजन्सीविषयी. एजन्सी काम मिळवून देते, मानधन ठरवते आणि त्यातून कमिशन कापते. हे कमिशन साधारणपणे 20 टक्क्यांच्या आसपास, कधी जास्तही असते. याचा अर्थ, मॉडेलला काम मिळाल्याशिवाय एजन्सीला उत्पन्न नसावे. नोंदणी फी, अनामत किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’ अशी अट घालणाऱ्याचा धंदा वेगळा आहे, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. अनिमा किंवा इनेगा यांच्यासारख्या मुंबईतल्या एजन्सींची नावे वापरून कोणी इन्स्टाग्रामवर संदेश पाठवला, तर उत्तर देण्याआधी एजन्सीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील ईमेलवर खात्री करून घ्यावी. कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो; परंतु त्यातून कंपनी अस्तित्वात आहे एवढेच कळते. पैसे वेळेवर मिळतात का, हे त्या एजन्सीतल्या दोन-तीन मॉडेल्सना विचारल्याशिवाय समजत नाही, आणि हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

करार घरी आणून, ओळखीच्या वकिलाकडून वाचून घेऊनच सही करावी. मुदत किती, नोटीस किती दिवसांची आणि करार आपोआप वाढतो का, हे पाहावेच. पण मराठवाड्यात राहणाऱ्याने एक्सक्लुझिव्ह या कलमाकडे, म्हणजे फक्त त्याच एजन्सीमार्फत काम करण्याच्या अटीकडे, विशेष लक्ष द्यावे. ते संपूर्ण भारतासाठी असेल, तर जालन्यातल्या ओळखीच्या सराफाचे कामसुद्धा एजन्सीमार्फतच करावे लागते आणि त्यावरही कमिशन द्यावे लागते. स्वतः मिळवलेले स्थानिक काम वगळावे, अशी विनंती सहीपूर्वी करता येते. वय 18 पूर्ण नसेल, तर भारतीय करार कायदा 1872 नुसार त्या मुलाने किंवा मुलीने स्वतः केलेला करार ग्राह्य धरला जात नाही, म्हणून पालकांना सोबत घेऊनच बोलणी करावीत.

ऑडिशनसाठी देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने मुंबई गाठण्यापूर्वी ठिकाणाचा पूर्ण पत्ता आणि भेटणाऱ्याचे नाव घरी लिहून ठेवावे. हॉटेलच्या खोलीत बोलावणे आल्यास जाऊ नये. ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला आणि तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसेल, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते.

शूट झाल्यावर पैसे हाती येण्यास दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून पहिल्या वर्षी शिक्षण किंवा नोकरी सोडू नये. मानधनातून बहुतेक वेळा 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, वजा होतो. वार्षिक उत्पन्न करपात्र नसेल, तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. त्यासाठी पॅन कार्ड आणि बँक खाते स्वतःच्या नावावर असावे, आणि प्रत्येक कामाचे बिल तारखेनुसार जपून ठेवावे.