हाउसफुल्लचा फलक, तरी हाती काहीच नाही: नाटकाच्या निर्मितीत या चुका टाळा

प्रयोग रंगतो, टाळ्या पडतात, मधूनमधून हाउसफुल्लचा फलकही लागतो आणि तरी पन्नास प्रयोगांच्या आत नाटक बंद होतं. अशा वेळी खापर फुटतं ते प्रेक्षकांवर किंवा दिग्दर्शकावर. व्यवस्थापक म्हणून अशा नाटकांच्या वह्या मी चाळल्या आहेत. चूक बहुतेक वेळा तालीम सुरू होण्याआधीच्या कागदावरच सापडते.

दोन खर्च एकाच वहीत

निर्मितीचा खर्च एकदाच होतो: नेपथ्य, कपडेपट, तालमींचं मानधन, पहिली जाहिरात. प्रयोगाचा खर्च पडदा उघडेल तितक्या वेळा होतो: नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन), तंत्रज्ञ, वाहतूक, रोजची जाहिरात. नवा निर्माता पहिल्या खर्चाच्या चिंतेत असतो, पण नाटक बुडतं दुसऱ्यामुळे.

हिशेब पैशांत न मांडता तिकिटांत मांडा, लगेच डोळे उघडतात. समजा, नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं आहे आणि एका प्रयोगाचा खर्च पूर्ण दराच्या ४०० तिकिटांइतका आहे. म्हणजे अर्धं घर भरलं की झालं, असं वाटतं. पण सवलती धरून तिकीट सरासरी ८० टक्के दरानेच विकलं जातं. त्या रकमेतून १० टक्के बुकिंगचं कमिशन आणि १० टक्के लेखकाची रॉयल्टी गेली, की हातात उरतात दराचे ६४ टक्के. आता तोच खर्च भागवायला ४०० नाही, ६२५ तिकिटं विकावी लागतात.

पुढे जाऊ. निर्मितीचा खर्च पूर्ण दराच्या १०,००० तिकिटांइतका असेल आणि प्रत्येक प्रयोगाला सगळ्या ८०० खुर्च्या विकल्या गेल्या, तर तो साधारण ९० प्रयोगांत वसूल होतो. प्रत्येक वेळी ७०० विकल्या गेल्या तर? २०९ प्रयोग लागतात. फक्त १०० खुर्च्यांचा फरक, आणि प्रयोग दुपटीहून जास्त. म्हणूनच मी फुकट पासांच्या बाबतीत कठोर आहे. ‘दहा पास दिले तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा कागद दाखवावा.

मोठ्या नावाने हे गणित बदलत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या व्यावसायिक रंगभूमीवरच्या ‘स्पायडरमॅन: टर्न ऑफ द डार्क’वर सुमारे ७.५ कोटी डॉलर लागले होते. २०११ मध्ये अधिकृत शुभारंभ झाला, अडीच वर्षं नाटक चाललं, प्रयोगांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये भांडवल वसूल न होताच ते उतरलं. आठवड्याचा चालू खर्चच इतका होता, की चांगल्या विक्रीनंतरही फारसं मागे उरत नसे.

पैसा येतोय पण टिकत नाही, असं दिसलं तर आधी रोजचा हिशेब तपासा. विकलेली तिकिटं, पास आणि प्रत्यक्ष आत आलेली डोकी हे तीन आकडे नाट्यगृह सोडण्याआधी जुळवायचे, सही घ्यायची. लंडनच्या रोझ नाट्यगृहाचे मालक फिलिप हेन्स्लो १५९२ पासून कुठल्या खेळाला किती जमा झाली हे वहीत तारीखवार टिपत होते. नाटककारांना दिलेले पैसे, कपड्यांवरचा खर्च, सगळं त्यात आहे.

तोंडी होकारावर तालीम

एका नाटकात आम्ही जुनं गाणं वापरलं. संगीतकाराची परवानगी घेतली आणि निश्चिंत झालो. शुभारंभाला पाच दिवस असताना कळलं, की रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा; दुसरा एका कंपनीकडे होता आणि तिने नकार दिला. त्या गाण्यावर बेतलेला अख्खा प्रवेश नव्याने बसवावा लागला. ही चूक माझी होती, मी एकच कागद पाहिला होता. संहिता घेतानाही हेच: भाषा कोणती, किती काळ, दौरा करता येईल का, चित्रीकरण करता येईल का, हे सगळं लेखी हवं. ‘नंतर बघू’ म्हटलेली बाब नाटक चालू लागल्यावरच वर येते आणि तेव्हा तिची किंमत वाढलेली असते.

बदली कलाकार फक्त कागदावर

दुपारी चारला फोन येतो, नायिकेचा आवाज बसलाय. बदली मुलगी तयार असते, संवाद तिला मुखोद्गत असतात. पण विंगेत कपडेपटवाल्या बाई तोंडात टाचण्या धरून तिच्या कमरेशी घेर आवळत बसलेल्या असतात, कारण तिच्या मापाचा पोशाख शिवलेलाच नाही. आणि दुसऱ्या अंकातला जिना ती प्रकाशयोजनेसह आयुष्यात पहिल्यांदा उतरणार असते, तोही प्रेक्षकांसमोर. त्या मुलीवर हा अन्याय आहे. बदली कलाकाराचा पोशाख आणि नेपथ्यावरची किमान एक पूर्ण तालीम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहा. ‘शिल्लक राहिली तर’ या रकान्यात ती गेली, की कधीच होत नाही.

सुरक्षेची जबाबदारी नाट्यगृहावर ढकलणं

शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी आग लागली आणि ६०२ माणसं गेली. ते नाट्यगृह आगीपासून पूर्ण सुरक्षित म्हणून जाहिरात केलेलं होतं. रंगमंचावरची आग प्रेक्षागृहात पसरू नये म्हणून सोडायचा पडदा मध्येच अडकला, दरवाजे बंद होते, आत क्षमतेपेक्षा जास्त गर्दी होती. प्रत्येक नव्या नाट्यगृहात मी पोचल्यावर आधी बाहेर पडायचे दरवाजे स्वतः उघडून पाहतो. जास्तीच्या खुर्च्या मधल्या वाटेत लावायच्या नाहीत, मागणी कितीही असो.

कधी थांबायचं, हे न ठरवणं

हा निर्णय शुभारंभाआधी घ्या, डोकं थंड असताना. लागोपाठ किती आठवडे विक्री किती खाली गेली तर थांबायचं, हा आकडा निर्माता आणि व्यवस्थापकाने लिहून ठेवावा. नाट्यगृहाशी केलेल्या करारात असं कलम असेल तर ते नीट वाचा. विक्री ठरावीक रकमेखाली गेल्यावर तारखा काढून घेण्याचा अधिकार त्यांना असू शकतो. काही कमजोर आठवडे तरून जाण्याइतकी राखीव रक्कम निर्मितीखर्चातच धरा. आणि नाटक उतरवायचं ठरलं, तर बुकिंग बंद करण्याआधी सगळ्या चमूला एकत्र बसवून सांगा: शेवटची तारीख कोणती, थकलेलं मानधन कोणत्या दिवशी मिळेल, नेपथ्य कुठे ठेवलं जाईल. रंगमंच कामगारांनाही त्याच बैठकीला बोलवा.