चाकाशिवाय मडकं: तांगदुईतला माझा महिना

दोन वर्षं चाकावर बसून मला वाटायला लागलं होतं, माती आपल्याला कळते. तांगदुईत पहिल्या सकाळी मला शिकवणाऱ्या कुंभार अकूंनी (तिकडे काकांना अकू म्हणतात) पुढ्यात मातीचा गोळा ठेवला आणि मी चाक शोधत राहिले. तिथे चाक नाहीच.

तांगदुई हे चीनच्या युन्नान प्रांतातलं, नीशी भागातलं तिबेटी गाव. इथल्या काळ्या भांड्यांची कला २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. गाव युन्नानमध्ये असल्याने तिबेटचा वेगळा परवाना लागत नाही, चीनचा व्हिसा पुरतो. २०२३ पासून लीजियांगहून शांग्रिलापर्यंत रेल्वे आहे, पुढे रस्त्याने जायचं. शांग्रिला सुमारे ३,२०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस नुसता आराम करा, धापा टाकत माती मळता येत नाही.

काम सगळं हाताचं. माती फळीवर थापून तळ करायचा, भिंत चढवायची आणि लाकडी थापटण्याने चोपत राहायचं. आपला कुंभारही मडकं आतून दगडी गोळ्याचा टेकू देऊन चोपतो. मी ते लहानपणापासून पाहत आले, शिकले मात्र कधीच नव्हते. अकू कानाने चोपतात. जाड जागी थाप बसली की आवाज बसका येतो. हे कळायला मला नऊ दिवस लागले.

माझी पहिली चहाची किटली जाळात तडकली, नेमकी चोचीच्या सांध्यावर. अंग वाळलेलं, चोच ओली. चोच जास्त आकसली आणि सांधा सुटला. सांधे जोडताना दोन्हीकडचा ओलावा सारखा हवा, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

भट्टी नाही. उघड्यावर भांडी रचून लाकडं पेटवतात, भांडी तापून लाल झाली की भुशाने झाकून टाकतात. हवा कोंडते, धुरातला कार्बन मातीत शिरतो आणि रंग काळा होतो. झाकायची वेळ चुकली तर लालसर डाग राहतात.

म्हणून तीन दिवसांसाठी जाऊ नका, निदान महिना काढा. वाळवणं आणि भाजणं पाहिलं नाही तर निम्मी कला पाहायचीच राहते. चिनी बोलणारा सोबतीही हवा.

आणि घरातली फुटकी बशी सोबत न्या. ओल्या भांड्यात पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे दाबून तिथे नक्षी करतात. मला हे उशिरा सुचलं.