मुंबई विद्यापीठात एमएला आलात? मग कलिना, फोर्ट सगळं नीट वापरायचं कसं ते वाचा

माझं एमए मराठी कलिनाला झालं, आणि आता दरवर्षी जून-जुलै आला की चिपळूणकडची पोरं फोन करतात, ताई तिकडे कसं असतं, कुठे जायचं, हॉस्टेल मिळतं का, आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की मुंबई विद्यापीठ म्हणजे एक बिल्डिंग नाही. फोर्टला राजाबाई टॉवरवालं जुनं विद्यापीठ आहे, तिथे मुख्य ऑफिसं, दीक्षांत सभागृह, जुनी लायब्ररी आणि लॉ डिपार्टमेंट. बाकी बहुतेक डिपार्टमेंट्स सांताक्रूझ पूर्वेला कलिनात, त्या कॅम्पसला विद्यानगरी म्हणतात. परीक्षा भवन पण कलिनातच, म्हणजे मार्कशीटचं, रीव्हॅल्युएशनचं काही असेल तर फोर्टला जाऊ नका. याशिवाय ठाणे, कल्याण आणि रत्नागिरीला उपपरिसर आहेत. फोटोत टॉवर बघितलेला असतो म्हणून पहिल्याच दिवशी बॅगा घेऊन फोर्टला जाऊन उभी राहणारी मुलं दरवर्षी भेटतात, तिथून कलिनाला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. त्यामुळे ॲडमिशनच्या मेसेजमध्ये भवनाचं नाव काय लिहिलंय ते बघा. मराठीवाल्यांसाठी रानडे भवन.

यायचं कसं तर वेस्टर्नवाल्यांनी सांताक्रूझला ईस्टला उतरायचं, सेंट्रल आणि हार्बरवाल्यांनी कुर्ला वेस्टला, दोन्हीकडून बस आणि रिक्षा मिळतात. संध्याकाळी कुर्ल्याकडे जाणारा सीएसटी रोड तुंबलेला असतो, लेक्चर संपल्यावर पाच-साडेपाचच्या गर्दीत धक्के खाण्यापेक्षा तासभर लायब्ररीत बसा आणि मग निघा, मी दोन वर्षं तेच केलं आणि माझं निम्मं वाचन त्या तासांमध्ये झालं. ट्रेनच्या पासला स्टुडंट कन्सेशन मिळतं, त्याचा फॉर्म डिपार्टमेंटकडून सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि लगेच वापरायचा कारण त्याची मुदत थोडीच असते.

कागदपत्रांचं एक नीट ऐका. मुंबई विद्यापीठाच्याच कॉलेजातून बीए केलं असेल तर फार त्रास नाही. पण कोल्हापूर, पुणे, औरंगाबाद कुठूनही दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि ते तुमच्या जुन्या विद्यापीठातून आणायचं असतं, त्यामुळे निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट. कास्ट सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांच्या चार-चार झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन. स्कॉलरशिपचा फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो, तो भरला नाही तर हक्काचे पैसे जातात, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं की ज्यांना खरी गरज असते तीच मुलं लाजून विचारत नाहीत आणि तारीख निघून जाते. विचारा. डिपार्टमेंटमधल्या क्लार्क काकांना, सीनियरना, कोणालाही विचारा.

आता अभ्यास. नव्या शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं झालंय, म्हणजे चार सेमिस्टर, प्रत्येकी २२. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फिल्ड प्रोजेक्ट, तिसऱ्या-चौथ्याला रिसर्च प्रोजेक्ट. बरीच मुलं रिसर्च मेथडॉलॉजीला साईड पेपर समजतात आणि मग तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा विषय काय घेऊ म्हणून डोक्याला हात लावून बसतात. पहिल्या सेमिस्टरपासूनच एक वही ठेवा, वाचताना जो प्रश्न पडेल तो लिहून ठेवा, विषय त्यातूनच निघतो. इंटर्नलला पण आता चांगलंच वजन आहे, वर्गात न येता शेवटी गाईड वाचून पास होऊ हा हिशोब आता चालत नाही.

आणि मला खरं सांगायचंय ते इथेच आहे. हे विद्यापीठ १८५७ साली निघालं ना, तेव्हा ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर फक्त परीक्षा घेणारं होतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने पेपर काढायचे आणि पदव्या द्यायच्या. सुरुवातीला स्वतःची इमारत पण नव्हती, काम टाऊन हॉलमधून चालायचं. विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग सुरू व्हायला १९१९-२० साल उजाडलं, समाजशास्त्राचा विभाग तेव्हाचाच, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख आणि पुढे घुर्ये. म्हणजे साठ वर्षं लोकांचा विद्यापीठाशी संबंध परीक्षेपुरता होता. आणि आज समोर वर्ग आहेत, लायब्ररी आहे, भेटून बोलता येईल असे प्राध्यापक आहेत, तरी निम्मी मुलं अजून फॉर्म भरायला आणि पेपर द्यायला एवढ्यापुरतीच कॅम्पसवर येतात. नोकरी करावी लागते म्हणून येत नसाल तर मी समजू शकते, पण मग दूरस्थ शिक्षणाचा विचार करा, विद्यापीठाची दूरस्थ शिक्षण संस्था आयडॉल १९७१ पासून आहे, आता त्याला सीडीओई म्हणतात, ते पण कलिनातच आहे. रेग्युलरची सीट घेतलीय तर वर्गात येऊन बसा.

रानडे भवनाच्या पायऱ्या चढताना मला नेहमी वाटायचं की हे नाव उगाच नाही दिलेलं. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले बीए झाले त्यात न्यायमूर्ती रानडे होते, रा. गो. भांडारकर होते. पुढे अभ्यासक्रमातून देशी भाषा बाहेर पडल्या होत्या त्या परत याव्यात म्हणून रानडे विद्यापीठात वर्षानुवर्षं भांडले. तुम्ही मराठीत एमए करताय, त्याच्यामागे ते भांडण आहे. हे कळल्यावर नऊच्या लेक्चरला उठायला मला तरी जड नाही गेलं.

लायब्ररीचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. कलिनाला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, परीक्षेच्या आधी जागा मिळत नाही म्हणून सकाळी लवकर या. पण एकदा तरी फोर्टच्या लायब्ररीत जाऊन वाचा. प्रेमचंद रायचंद यांनी लायब्ररीसाठी २ लाख आणि आईच्या नावाने टॉवरसाठी आणखी २ लाख रुपये दिले त्यातून ती लायब्ररी आणि वरचा राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ ला काम पूर्ण झालं, उंची २८० फूट, नकाशे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे आणि तो माणूस मुंबईत कधी आलाच नाही. रंगीत काचांमधून दुपारी जो उजेड टेबलावर पडतो ना, त्यात पुस्तक उघडून बसायचं सुख वेगळंच. संस्कृत, अरबी, फारसी हस्तलिखितं पण तिथे आहेत. जाताना ओळखपत्र न्या. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडलं की आलंच. तिथून एशियाटिक सोसायटीची लायब्ररी चालत जाण्यासारखी, आणि परत येताना दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एका शनिवारात तिन्ही होतात.

राहायचं म्हणाल तर हॉस्टेलच्या सीट कमी आणि अर्ज खूप, त्यामुळे फॉर्म भराच पण त्याच्यावर विसंबून राहू नका. वाकोला, कलिना गाव, कुर्ला इकडे तीन-चार जणींनी मिळून रूम घेतली तर जमतं. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल शेजारी असल्यामुळे भाडी चढलेली आहेत, डिपॉझिटची लेखी पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विमानतळ जवळ आहे, विमानं डोक्यावरूनच जातात, आठवड्यात कानांना सवय होते.

युवा महोत्सवात भाग घ्या. एकांकिका, लोकनृत्य, वक्तृत्व, कथाकथन काहीही, नाव द्यायला ऑगस्टच्या आधीच डिपार्टमेंटमध्ये चौकशी सुरू करा. संशोधनाची आवड असेल तर आविष्कार ही संशोधन स्पर्धा आहे. कॅम्पसवर लोककला अकादमी आहे, तिथल्या मुलांची तालीम संध्याकाळी ऐकायला मिळाली तर थांबा, मी लावणीच्या आणि भारुडाच्या पेपरला जे लिहिलं ते पुस्तकापेक्षा त्या तालमींमुळे लिहिलं.

आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गकडच्या मुलांनो, मुंबईला येण्याआधी रत्नागिरीच्या उपपरिसरात तुमचा विषय आहे का ते एकदा बघून घ्या. असेल आणि घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर तिथे घ्या, पदवी याच विद्यापीठाची मिळते. नसेल तर या, कोकणकन्या सकाळी पोचते, ठाण्याला उतरून कुर्ल्याची लोकल पकडा, पुढची बस मी वर सांगितलीच आहे.