जुन्या गाडीतला इलेक्ट्रिकल फॉल्ट शोधताना या चुका टाळा

“बॅटरी नवी टाकली, अल्टरनेटर भरून घेतला, सेल्फही बदलला, तरी गाडी सकाळी उठत नाही.” हौसेने जुनी गाडी घेतलेला माणूस पहिलं वाक्य साधारण हेच बोलतो. सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहतात, असं विचारलं की पलीकडे शांतता. म्हणजे बॅटरी, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन फिरवणारा सेल्फ, अशा तीन महाग पार्टांवर खर्च झाला, पण व्होल्ट मोजायचं मीटर एकदाही बाहेर निघालेलं नाही. हल्ली याचा वैताग येतो, कारण जुन्या गाडीचं वायरिंग खरं तर सरळ असतं. कॉम्प्युटर नाही, की सेन्सरची भानगड नाही. घाई केली नाही तर ती स्वतःच सांगते काय दुखतंय ते.

अर्थिंगकडे शेवटी बघणं

माझ्या मते निम्म्याहून जास्त फॉल्ट इथेच असतात आणि सगळ्यात शेवटी बघितलं जातं तेही इथेच. करंट जाण्याची वायर सगळे तपासतात, परत येण्याचा रस्ता कुणी बघत नाही. जुन्या गाडीत हा परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. ते जोडायला विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. मळकट, तेलकट, कुणाच्या नजरेत न भरणारी.

ओळखीच्या एका गृहस्थांची कार्ब्युरेटरवाली गाडी होती. तक्रारी दोन: सेल्फ मंद फिरतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर जड होत चाललाय. दोन तक्रारी, म्हणून दोन वेगळे मेकॅनिक. एकाने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ खोलून ब्रश आणि बुश बदलले. दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटरची केबल बदलली, तर थोड्याच दिवसांत नवी केबलही अडकायला लागली. काढून बघितलं तर आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं. “सायलेन्सरच्या पाइपाला लागत असेल,” असं निदान झालं. पाइप इंजिनच्या एका बाजूला, केबल दुसऱ्या बाजूला, पण हे बघायला वाकणार कोण?

गाडी माझ्याकडे आल्यावर मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली (थेट खांबावर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितला. आकडा दोन व्होल्टच्या वर गेला. तिथे ०.२ च्या आसपास हवा. मग जम्पर केबलने निगेटिव्ह खांब थेट इंजिनला जोडला, आणि सेल्फ एका झटक्यात फिरला. झालं होतं असं की आधी कधीतरी क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवला होता आणि चढवताना ती पट्टी परत लावलीच नव्हती. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात. एवढा करंट परत जायला धातूचा मिळेल तो रस्ता पकडणार. त्याला सापडली अ‍ॅक्सिलरेटरची केबल. दर सकाळी ती तापत होती आणि दर सकाळी थोडी थोडी वितळत होती. सेल्फही मुळात चांगलाच होता, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे माझी सवय अशी: जुनी गाडी हातात आली की तक्रार कुठलीही असो, आधी सगळे अर्थ पॉइंट खोलायचे. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करायचा, दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळायचं, आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. जेली आवळल्यानंतर, आधी नाही. नुकतीच रंगवलेली गाडी असेल तर जास्तच लक्ष द्या. रंगावर आवळलेला अर्थ म्हणजे नसलेला अर्थ. ‘पेंट केल्यापासून लाइटा चाळे करायला लागल्या’ या तक्रारीचं कारण जवळपास नेहमी हेच.

मागच्या दिव्यांचे चाळेही याच घरातले. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकते. लोक लगेच स्विच बदलतात, फ्लॅशर बदलतात. होल्डरचा अर्थ गंजलेला असतो, म्हणून करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. होल्डर घासून बघा आधी.

मीटर १२ दाखवतोय म्हणजे करंट पोचतोय, असं समजणं

नवशिक्यांची ही सगळ्यात लाडकी चूक. होल्डरपाशी पिन लावली, १२ व्होल्ट दिसले, ‘वायर ओके’ म्हणून मोकळे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी मीटर खुशाल १२ दाखवेल. खरा बल्ब लावला की त्या एका तारेवर सगळा दाब पडून व्होल्टेज कोसळतं. वायर अखंड आहे हे सांगणारी मीटरची कन्टिन्युइटीची टीं-टींसुद्धा एका तारेवर वाजते, तिच्यावर तर माझा अजिबात विश्वास नाही.

मी ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी डकवून जवळ ठेवतो. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे सर्किटला खरं काम पडतं. बल्ब भक्क पेटला तर वायर चांगली, लालसर मिणमिणला तर वाटेत कुठेतरी घोळ आहे. मात्र फ्युएल इंजेक्शनच्या किंवा एअरबॅगच्या वायरींना हा बल्ब चुकूनही लावू नका. तो दिवे, हॉर्न, वायपर, पंखा यांच्यासाठी आहे.

मीटर वापरायचंच तर लोड चालू ठेवून वापरा. हेडलाइट लावा, एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या मागच्या पॉझिटिव्ह पिनवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट रस्त्यात गळतायत. अर्धा व्होल्ट ठीक, एकच्या वर गेला तर स्विच, फ्यूजबॉक्स, कनेक्टर असं एकेक टप्पा मागे या. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणूनच ‘लाइट कमी पडते’ म्हणून १०० वॉटचे बल्ब टाकणाऱ्यांना मला हात जोडावेसे वाटतात. असे दोन बल्ब मिळून १६ अँपिअरच्या वर जातात, आणि अनेक जुन्या गाड्यांत तो सगळा भार डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. आधीच थकलेला स्विच वितळतो. मूळ वॉटचेच बल्ब ठेवा, दोन रिले (म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि जाड वायर टाका, उजेडातला फरक रात्री दिसेल.

फ्यूज उडाला की मोठा टाकणं

१५ चा निळा उडाला म्हणून ३० चा हिरवा. किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. फ्यूज वायर वाचवायला असतो. मोठा फ्यूज टाकला की जळायचं काम वायर करते, आणि ती कार्पेटखाली, पेट्रोलच्या पाइपाशेजारी जळते. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

शॉर्ट शोधायचा तर फ्यूज काढून त्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब लावा आणि त्या सर्किटवरचे दिवे, मोटरी बंद ठेवा. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे शॉर्ट आहे. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत चला: दाराचा बिजागर, डिकीचा बिजागर, सीटचे रूळ, इंजिनकडून केबिनमध्ये वायर शिरते ते भोक. तिथलं रबरी बूच गळून पडलेलं असतं आणि पत्र्याची धार वायरीचं कवच कापत असते. हलवताना बल्ब विझला की जागा सापडली. यात एकही फ्यूज खर्ची पडत नाही. जुन्या युरोपियन गाड्यांतले चिनी मातीचे टोकदार फ्यूज न उडताही दगा देतात, कारण टोकांवर गंज चढतो. बोटाने गोल फिरवा, बरेचदा तेवढ्याने भागतं.

हेही नको

इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढणं. ‘गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर चांगला’ ही डायनमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या काळातली चाचणी. अल्टरनेटरमध्ये व्होल्टेजचा झटका येऊन डायोड जातात.

वायरीला दाबून चिकटणारे झटपट जोड. आतलं पातं काही तारा कापतं आणि उरलेल्यांत पाणी शिरतं. नीट क्रिम्प करा (पक्कडीने धातूची टोपी दाबून जोडा), वर तापवल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी चढवा. इन्सुलेशन टेपचा गोंद इंजिनच्या उष्णतेने पाघळतो.

रंगावर डोळे मिटून विश्वास. जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट, जर्मन गाडीत तीच तपकिरी म्हणजे अर्थ. आणि मधल्या मालकांनी हाताला आली ती वायर जोडलेली असते, ते वेगळंच.

रात्रभरात बॅटरी उतरते म्हणून बॅटरीच बदलणं. आधी गळती मोजा: सगळं बंद, दारं लावलेली, मीटर १० अँपिअरच्या खाचेत, निगेटिव्ह केबल आणि खांब यांच्या मध्ये. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालेल. मीटर असं जोडलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडतो ते सर्किट. डिकीतला ५ वॉटचा दिवा चालू राहिला तरी दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. तो विझतो की नाही हे बघायला फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून डिकीत ठेवा आणि झाकण लावा.

चार्जिंग होत नाही म्हणून अल्टरनेटर उतरवणं, हे सगळ्यात घाईचं काम. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. नसतील तर बेल्ट बघा, मग इग्निशन चालू करून डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का ते बघा. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा गेलेला असला तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही चार्जिंग सुरू होत नाही, निदान इंजिन चांगलं रेज करेपर्यंत. हौसेने तिथे एलईडी बसवला असेल तरी तीच गत, त्यातून पुरेसा करंट जात नाही. मूळ वॉटचा साधा बल्ब लावा आणि पुन्हा मोजा.