मॅकएलीस कूटपद्धती: आधी कागदावर, मग कोडमध्ये

रॉबर्ट मॅकएलीस यांनी 1978 मध्ये मांडलेली ही पद्धत सार्वजनिक किल्लीने संदेश लपवते आणि त्यात मुद्दाम चुका घालते. ती शिकायची तर थेट गोप्पा कोडला (मूळ पद्धतीतला चुका दुरुस्त करणारा मोठा कोड) हात घालू नका. हॅमिंग (7,4) पुरे: 4 बिटांचा 7 बिटांचा शब्द करून एक चूक दुरुस्त करणारा छोटा कोड. सुरक्षितता शून्य, पण सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर उलगडते.

आधी नुसती चूक दुरुस्त करून बघा. माहितीचे बिट 1011 हे 3, 5, 6, 7 या जागी ठेवा. 1, 2, 4 या जागी पॅरिटी, म्हणजे तपासणीचे बिट: जिथे 1 आहे त्या जागांचे क्रमांक एक्सॉर केले (बायनरीत, हातचा न घेता बेरीज) की 0 यावा असे ते निवडा. शब्द होतो 0110011. पाचवा बिट उलटवा: 0110111. आता जिथे 1 आहे त्या जागांचे क्रमांक (2, 3, 5, 6, 7) एक्सॉर करा. उत्तर 5, म्हणजे चुकीचीच जागा. हे हातात बसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग किल्ली. जनरेटर मॅट्रिक्स जी (माहितीच्या बिटांना याने गुणले की कोडचा शब्द मिळतो), उलटवता येणारा, म्हणजे ज्याचा व्यस्त निघतो असा 4×4 मॅट्रिक्स एस आणि जागा अदलाबदल करणारा 7×7 पी. सार्वजनिक किल्ली म्हणजे एस·जी·पी. एस यादृच्छिक निवडलात तर दहापैकी साधारण सात वेळा तो उलटवता येत नाही. डिटरमिनंट मॉड 2 (दोनने भागून उरणारी बाकी) तपासाच; ती 1 हवी.

संदेशाला किल्लीने गुणा आणि मुद्दाम एक बिट बिघडवा. उलगडताना आधी पीचा व्यस्त, मग दुरुस्ती, शेवटी एसचा व्यस्त. क्रम चुकला की कचरा हाती येतो. दोन बिट बिघडवलेत तर हॅमिंग काहीही तक्रार न करता चुकीचाच शब्द देतो, म्हणून चूक शोधताना आधी हेच पाहा.

तोच संदेश दोनदा पाठवू नका: दोन्ही सांकेतिक शब्दांचे एक्सॉर केले की बिघडवलेल्या जागा उघड्या पडतात.

खऱ्या वापरात किल्ली अवाढव्य होते. क्लासिक मॅकएलीस या आजच्या आवृत्तीच्या सर्वांत लहान मापांच्या संचातही सार्वजनिक किल्ली 2,61,120 बाइटची असते.