स्कॉटलंडचा 'नॉर्थ कोस्ट ५००': उन्हाळी सहलीत या चुका टाळा

इनव्हर्नेसहून निघायचं, पश्चिम किनाऱ्याने डर्नेस गाठायचं आणि थर्सो, विक करत परत यायचं. 'नॉर्थ कोस्ट ५००' नावाचा गाडीने करायचा हा वळसा सुमारे ८३० किलोमीटरचा आहे. आकडा पाहून 'तीन दिवसांत उरकू' असा बेत आखला जातो आणि सहल तिथेच बिघडते. वायव्येकडचे कित्येक टप्पे एकेरी रस्त्याचे आहेत, म्हणजे रुंदी एकाच गाडीपुरती, पण वाहतूक दोन्ही बाजूंनी. तिथे ताशी ४०-५० किलोमीटरचा सरासरी वेग धरा, मेंढ्या आणि थांबे वेगळेच. किमान सात रात्री हव्यात. चारच दिवस हाताशी असतील तर पूर्ण वळसा सोडा आणि अलापूल ते डर्नेस एवढंच निवांत करा. आमच्या मते सगळ्यात देखणा भागही तोच.

पासिंग प्लेसचा गैरसमज

एकेरी रस्त्यावर ठरावीक अंतराने रुंद जागा असते, तिला पासिंग प्लेस म्हणतात. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा. उजव्या हाताला असेल तर तिच्यात वळू नका. आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबा, म्हणजे समोरचा तिच्यातून वळसा घालून जाईल. बरेच पाहुणे उजवीकडे घुसतात आणि दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून अडकतात. चढून येणाऱ्या गाडीला शक्यतो आधी वाट द्यायची, आपल्या घाटांसारखीच. पण दिव्याच्या झपक्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे तो 'मी येतोय' असं सांगतो, इथे बहुतेकदा 'तुम्ही या' असं. तरी समोरची गाडी खरंच थांबली आहे हे बघूनच पुढे निघा.

मागे गाडी आली की बाजूला होऊन तिला जाऊ द्या. ती डॉक्टरची असेल, शाळेची असेल. हा गावकऱ्यांचा रोजचा रस्ता आहे. फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी लावणं तर अजिबात नको. समोरासमोर अडकलातच तर जागा ज्याला जवळ त्याने मागे घ्यावं. कडेच्या गवतावर चाक उतरवू नका, खालची माती मऊ असते आणि गाडी रुतते.

ब्यालख ना बा घाट

ॲपलक्रॉसकडे जाणारा हा घाट ६२६ मीटरवर पोचतो, चढ काही ठिकाणी २० टक्के. शिकाऊ चालक, मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन (गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर) यांनी येऊ नये असा फलक पायथ्यालाच आहे. मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) असेल तर शिल्डेग गावाकडून किनाऱ्याने जा. तो रस्ताही अरुंद आहे, पण असा उभा घाट नाही. उतरताना दुसरा किंवा पहिला गिअर ठेवा, ऑटोमॅटिकमध्ये खालचा गिअर निवडा. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर सुरक्षित सपाट जागी थांबा आणि ब्रेक निवेपर्यंत वाट पाहा. पाणी ओतू नका. निवल्यावरही पेडल मऊच असेल तर गाडी पुढे नेऊ नका.

गाडी ठरवताना 'ऑटोमॅटिक' स्पष्ट सांगा आणि लहान गाडी घ्या. स्टेपनी आहे की नुसता पंक्चरचा किट, ते चावी घेतानाच पाहा. टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग नसतो.

इंधन, रेंज, जेवण

टाकी अर्ध्यावर आली की भरा, पुढचा पंप उघडा असेल असं धरू नका. हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. चुकीचं इंधन गेलं तर इंजिन सुरूच करू नका, गाडी देणाऱ्या कंपनीला फोन लावा. मोबाइलची रेंज मधेच जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण बऱ्याच पबचं स्वयंपाकघर नऊच्या आतच बंद होतं. शाकाहारी मंडळींनी अलापूल, थर्सो किंवा विकमध्ये किराणा भरून घ्यावा. मुक्काम काही महिने आधी ठरवा. कुठेही तंबू टाकायची मुभा पायी फिरणाऱ्यांसाठी आहे, गाडीत झोपण्यासाठी नाही. आणि मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम.

मिजेस

जून ते ऑगस्टमध्ये पहाटे आणि संध्याकाळी, वारा पडला की या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे उठतात. वारा ताशी ११ किलोमीटरच्या वर गेला की त्या उडत नाहीत. म्हणून तंबू झाडीच्या आडोशाला किंवा पाण्याकाठच्या खोलगट जागी न ठोकता वाऱ्याच्या उंचवट्यावर ठोका. डोक्यावरची जाळी स्वस्त मिळते, माणशी एक घ्याच.